दाखल्यावरची आई

खिडकीपलीकडच्या मुलीनं विचारलं, "आधीच्या पालकाचं नाव सांगा," आणि मी पिशवीतले कागद चाळायला लागले. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, पण सासूबाईंचं नाव मी एकदाही उच्चारलं नव्हतं. सून ते घेत नाही. घेतल्यानं काही होतं अशातला भाग नाही, पण घेत नाही. नवऱ्याचं घेते, शहरात राहून तेवढी धिटाई आली. मी कागद काचेखालून पुढे सरकवले आणि म्हटलं, त्यात आहे सगळं. "ताई, तोंडी सांगा, मला यादीशी ताडून बघायचंय," ती म्हणाली. मागच्या म्हाताऱ्यानं घसा खाकरला. तिलेक माझ्या कोटाचा पट्टा धरून उभा होता. "कालिपा," मी म्हणाले, कुणा परक्या बाईबद्दल बोलावं तसं, आणि तिलेकनं चटकन मान वळवून दाराकडे बघितलं. ती आता आत येणार असं त्याला वाटलं असावं. सासूबाईंना जाऊन त्रेचाळीस दिवस झाले होते. चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाची भांडी अजून शेजाऱ्यांना परत द्यायची होती. "आणि हा तुमचा कोण?" मुलीनं विचारलं. "दीर," मी म्हणाले. हे मात्र तोंडातून सरळ आलं.

मुलीचं नाव तुर्सुनाय, छातीवर पट्टी होती. पोरगी वाईट नव्हती. तिनं दाखला दोनदा वाचला. "याच्या वेळी आई एक्कावन्न वर्षांची होती? कमाल आहे!" म्हणाली आणि हसली. मीही हसले. मग तिनं अर्ज उलटसुलट केला आणि आवाज खाली आणला. "खरं सांगू का ताई? तुमचं रक्ताचं नातं नाही. तुमच्या मिस्टरांचं आहे, तर त्यांच्या नावावर क्षयाची नोंद आहे." मी म्हटलं, बरा होऊन सोळा वर्षं झाली. "माणूस बरा होतो, नोंद नाही होत. समितीपुढे गेलात तर ते काय बघणार? दोन खोल्या, वहिनी दिवसभर कामावर, दादा मिनीबस चालवतो. उलट अशांना ठेवतात त्या संस्थेत एक जागा झालीय. महिनाअखेरपर्यंत धरून ठेवलीय. तिथे गेला की संस्थाच पालक, तुम्हाला कसलाच त्रास नाही. त्याचा भत्ता त्यांच्याकडे जाईल, वर थोडं तुम्ही द्यायचं." मी विचारलं, दुसरं काहीच नाही का? ती म्हणाली, "आई असती तर गोष्ट वेगळी. आईला आम्ही काही विचारत नाही." तिनं ते सहज म्हटलं, पुढच्या माणसाला हाकही मारली. मी तिलेकला घेऊन बाहेरच्या बाकावर येऊन बसले आणि बराच वेळ उठलेच नाही.

मी विसाव्या वर्षी तिलेकला जन्म दिला, कोचकोरच्या वरच्या डोंगरातल्या गावात, जानेवारीत. तिथे एकच सुईण, तीच दाखले लिहायची. थोरल्या मुलाचं पहिलं मूल आजीआजोबांचं, हे ठरलेलंच होतं. मला लग्नाआधीच ठाऊक होतं, माझ्या आईलाही ठाऊक होतं. सासूबाईंनी दोन शेजारणी बोलावल्या, त्यांच्यासमोर पोराला आपल्या झग्याच्या गळ्यातून आत घेतलं आणि घोळाखालून बाहेर काढलं. झालं, बाई बाळंत झाली. सगळ्या हसत होत्या, मीही पलंगावरून हसत होते. सुईणीनं विचारलं, आईच्या जागी कोणाचं नाव घालू? सासरे म्हणाले, आता बघितलंस ना डोळ्यांनी, मग विचारतेस काय. यात कोणी मला फसवलं नाही आणि कोणी माझ्यावर जबरदस्ती केली नाही. तिसऱ्या महिन्यात मी न् माझा नवरा मेलिस शहरात आलो. मी शिवणकारखान्यात कापड बेतायला लागले, एका वेळी चाळीस थर, वरून खडूची रेघ. पहिले काही दिवस झग्याचा पुढचा भाग ओला व्हायचा. शेजारच्या टेबलावरच्या बाईला मी सांगितलं, चहा सांडला. दुसऱ्या दिवशी तिनं विचारलं, "रोज कसा गं सांडतो तुझा चहा?" आणि मला स्वतःचा एक जाडसर एप्रन आणून दिला. मग दूध आटलं. सुट्टीत गावी जायचो तेव्हा तो सासूबाईंच्या मांडीवरून माझ्याकडे बघायचा आणि मी त्याच्यासाठी बिस्किटं आणणारी वहिनी होते. खरं सांगायचं तर मला बरंच वाटायचं. मी विशीतली होते, मेलिसबरोबर सिनेमाला जायचे.

बाकावर तिलेक मला म्हणाला, "वहिनी, घरी जाऊ. मेंढरं यायची वेळ झाली." दुपारचे बारा वाजले होते. त्याला घड्याळ कळत नाही, पण मेंढरांची वेळ कळायची, गावात. तिथे रोज सकाळी तो घरोघर जाऊन फाटकं वाजवायचा, प्रत्येकाची मेंढरं बाहेर काढून सगळा कळप ज्याची पाळी असेल त्या मेंढपाळाच्या ताब्यात द्यायचा आणि संध्याकाळी ज्याची त्याच्या दारात पोचवायचा. कधी एक मेंढरू चुकलं नाही. त्याबद्दल कोणी दही द्यायचं, कोणी जुने बूट, कोणी नुसता चहा. सासूबाईंनी हे सगळं कसं बसवलं होतं ते मला आता कळतं; तेव्हा वाटायचं, आपोआप चाललंय. शहरात आणल्यावर दुसऱ्याच दिवशी पहाटे पाचला तो आमच्या जिन्यात खालपासून वरपर्यंत प्रत्येक दार ठोठावत गेला, "मेंढरं सोडा, मेंढरं सोडा." चौथ्या मजल्यावरच्या निवृत्त मास्तरांनी दार उघडून शांतपणे सांगितलं, "आज नाही रे बाबा, उद्या." बाकीच्यांनी सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी पोलीस आला. आता मी रात्रीच कुलूप लावून किल्ली उशाखाली ठेवते. कारखान्यात नेऊन बघितलं; त्यानं चिंध्यांचे छान गठ्ठे बांधले, पण कोणी बाई वाकली की पाठीवर थोपटायचा, जनावराला थोपटावं तसं. मालकीण म्हणाली, "बुरुल, तुझ्या दिराचं मन निर्मळ असेल, पण माणूस चोवीस वर्षांचा आहे. पोरी घाबरतात." खालच्या मजल्यावरची विधवा त्याला सांभाळायला दिवसाचे सहाशे सोम मागते, मी दिवसाचे तेराशे मिळवते. सासूबाई गेल्यापासून त्याचा भत्ता बँकेत अडकलाय, कारण सही कोण करणार. दिवसभर सांभाळणारं एक खाजगी केंद्र आहे. तिथल्या बाईनं आकडा सांगितला तेव्हा मेलिसनं नुसती टोपी डोक्यावर घातली. गावचं घर रिकामंच आहे आणि ते तिलेकचंच, कारण घर धाकट्याचं असतं. पण घर काही त्याला चहा करून देणार नाही.

मी ज्या गोष्टीपाशी येऊन थांबते ती या सगळ्यानंतरची नाही, फार आधीची आहे. तिलेक तीन वर्षांचा झाला तरी बोलेना, तेव्हा सासूबाई त्याला घेऊन शहरातल्या डॉक्टरकडे आल्या. मी सोबत गेले. डॉक्टरनं बराच वेळ ठोकळे पुढे ठेवले, मागे घेतले, आणि मग जे सांगितलं ते सासूबाईंना सांगितलं, कारण आई त्या होत्या. मी भिंतीवरचं दातांचं चित्र बघत बसले. घरी आल्यावर, म्हणजे आमच्या तेव्हाच्या भाड्याच्या खोलीत, त्यांनी पाव मोडून चहात बुडवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "इथे डॉक्टर आहेत, शाळा आहेत. तिकडे काय आहे? डोंगर. तुला हवा असेल तर ठेवून घे, बुरुल. मी कोणाला काही म्हणणार नाही न् कोणाला म्हणू देणार नाही." मला आयपेरीचा, माझ्या मुलीचा, सातवा महिना होता. मी म्हणाले, "दिलेलं मूल परत घ्यायचं नसतं, आई." अगदी सुनेला शोभेल अशा आवाजात म्हणाले, मान खाली घालून. सासूबाईंनी मग माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही. "बरं," म्हणाल्या आणि उरलेला पाव खाल्ला. रीत माझ्या बाजूनं होती. रिवाजाच्या मागे इतकं छान लपता येतं हे मला त्या दिवशी कळलं, आणि त्यांनाही कळलं असणारच. पण त्यांनी ते पुढे एकवीस वर्षांत कधीही काढलं नाही. काढलं असतं तर बरं झालं असतं, असं मला वाटतं. भांडण तरी झालं असतं.

त्या आठवड्यात मी संस्था बघून आले, एकटीच. लोक सांगतात तशी नव्हती. फरशी स्वच्छ, एका दालनात चाळीस खाटा, सगळ्यांवर एकसारखी निळी पांघरुणं, क्लोरीनचा आणि उकडलेल्या कोबीचा वास. परिचारिका माझ्याच वयाची, पायावर सूज आलेली. मी न विचारताच म्हणाली, "आमच्याकडे कोणी मारत नाही हं." मी विचारलं, हे दिवसभर काय करतात? ती म्हणाली, "बसतात." खरंच बसले होते, भिंतीला लागून, सगळ्यांचे केस एकाच यंत्रानं कापलेले. एक जण उठून आला, माझी बाही धरली आणि म्हणाला, "आई." साठीचा असेल. परिचारिकेनं त्याची बोटं एकेक करून सोडवली. "मनावर घेऊ नका. इथे आलेल्या प्रत्येक बाईला सगळे आईच म्हणतात." बसमध्ये परत येताना मी हिशेब करत होते, पैशांचा नव्हे. तिलेक तिथे गेला तर किती दिवसांनी येणाऱ्याजाणाऱ्या बाईला आई म्हणायला लागेल? महिना? वर्ष? मला त्याची आई व्हायचं होतं असं मी म्हणणार नाही, तसं म्हटलं तर ते या वयात ढोंग होईल. मला तो त्या भिंतीला लागून बसलेला नको होता, एवढंच. दुसऱ्या दिवशी मी तुर्सुनायला जाऊन खरं सांगितलं. तिनं पेन खाली ठेवलं. मग म्हणाली, "अगंबाई," आणि उठून दार लावून आली. म्हणाली, रक्त तपासून कागद आणा, समितीपुढे तुमच्या तोंडानं सांगा की जन्म तुम्ही दिला, त्यावर ते पालकपण देतील आणि जुना दाखला कोर्टात रद्द होईल. रद्द म्हणजे काय, असं मी विचारलं. "म्हणजे तुमच्या सासूबाई त्याच्या आई नव्हत्या, असं ठरेल," ती म्हणाली.

मेलिसला हे सांगितलं तेव्हा तो जेवत होता. त्यानं घास तोंडातच ठेवला. "अजून वर्षाचं जेवण झालं नाही तिचं," तो म्हणाला. "माती बसली नाही अजून, आणि तू तिचं नाव खोडायला निघालीस?" मी म्हटलं, मी नाही, कोर्ट खोडणार. "तू सांगितल्यावर ना? आम्ही चारही भावंडं तिला टाकून निघून आलो. एकटा हा राहिला तिच्याजवळ. तिला एकच पोर पुरतं मिळालं आयुष्यात, तेही तिचं नव्हतं म्हणून सांगणार तू? पाच परक्या माणसांना?" एवढं तो सहसा बोलत नाही. मी म्हणाले, "मग पाठव त्याला संस्थेत. तिथे तिचं नाव शाबूत राहील." हे मी मुद्दाम लागेल असं बोलले आणि त्याला लागलं. आतल्या खोलीत तिलेक कुलपाशी खेळत होता. हात धुऊन आल्यावर मेलिस म्हणाला, "रक्त तपासायला किती घेतात?" मी आकडा सांगितला. तो म्हणाला, टायर पुढच्या महिन्यात घेऊ.

आयपेरीला मात्र मीच फोन केला. तिला सगळं बाराव्या वर्षापासून ठाऊक आहे, गावातल्या मुलींनी सांगितलं. तरी ती तिलेकला काका म्हणते, लहानपणी चिडवायला म्हणायची, नंतर तेच राहिलं. तिला सहावा महिना आहे. ती म्हणाली, "आई, आत्ताच का गं? दोन-तीन महिने थांबता नाही येणार?" मी म्हटलं, महिनाअखेरपर्यंत पालक ठरला नाही तर संस्थावाले स्वतःच त्याला घेऊन जातील. "इथे सासूबाई माझ्या पोटाकडे बघून रोज काहीतरी पुटपुटतात. त्यांना कळलं की काका माझा सख्खा भाऊ, तर त्या मला नऊ महिने पुरे होईपर्यंत जगू देतील का?" तिचं लग्न ठरवायला नवऱ्याकडच्या दोन आत्या आल्या होत्या तेव्हा माझ्या सासूबाई मुद्दाम तिलेकला घेऊन गावाहून आल्या होत्या. आत्यांनी त्याच्याकडे बघितलं, एकमेकींकडे बघितलं, आणि एकीनं अगदी गोड आवाजात विचारलं, हा जन्मापासून असा का? सासूबाई खो खो हसल्या. "माझं म्हातारपणचं पोर ते! एक्कावन्नाव्या वर्षी झालं. तुम्हीच सांगा, जुन्या पिठाची भाकरी फुगते का? माझ्यातच दम नव्हता राहिला." आत्याही हसल्या, सैल होऊन बसल्या, मांसाच्या ताटाकडे वळल्या. मी चहा ओतत होते. पाहुण्याची वाटी अर्धीच भरायची असते, मी प्रत्येक वाटी बरोबर अर्धी भरली, एक थेंब इकडेतिकडे झाला नाही. त्या बाईनं माझ्या मुलीसाठी, म्हणजे माझ्यासाठी, आपलं पोट बदनाम केलं आणि मी तिला साधं "आणखी घ्या" सुद्धा म्हटलं नाही. "आई, ऐकतेयस ना?" आयपेरी फोनवर म्हणाली. ती रडत होती. मग तिनं नाक ओढलं. "काकाला थंडी वाजते शहरात. त्याला माझा तो निळा स्वेटर दे," म्हणाली आणि फोन ठेवला.

समिती मंगळवारी अकराला होती. लांब टेबलामागे पाच माणसं, मधे अध्यक्षबाई, कडेला एक डॉक्टर, टोकाला लिहायला तुर्सुनाय. मेलिसला बाहेर बसायला सांगितलं. रक्ताचा कागद हातोहात फिरला. प्रत्येकानं तो वाचून माझ्याकडे बघितलं आणि मग लगेच दुसरीकडे बघितलं. अध्यक्षबाईंनी आधी तिलेकशीच बोलायला घेतलं, मोठ्यानं, बहिऱ्याशी बोलावं तसं. "तिलेक, या बाई कोण आहेत?"

"वहिनी."

"आणि आई कुठे आहे तुझी?"

"मेली," तिलेक म्हणाला. "डोंगरावर पुरली. घोडी कापली." मग त्याला काहीतरी आठवलं, तो पाचही जणांकडे नीट बघून म्हणाला, "तुम्ही नव्हता आलात का जेवायला?"

डॉक्टर हसला आणि हसू खोकल्यात मिसळलं. अध्यक्षबाई म्हणाल्या, "बुरुलताई, तुमचं जे म्हणणं आहे ते तुमच्या तोंडून यायला हवं. नोंद करायची आहे." मी उभी राहिले. रात्रभर वाक्य घोकलं होतं, त्यात सासूबाईंनी त्याला किती मायेनं वाढवलं तेही होतं, पण उभं राहिल्यावर ते सगळं गळून गेलं. "याला मी जन्म दिला," मी म्हणाले. "दाखल्यावर आई म्हणून जे नाव आहे ते चुकीचं आहे."

"नाही," तिलेक म्हणाला. रागावला नव्हता. गावात कोणी आपलं म्हणून दुसऱ्याचं मेंढरू न्यायला लागलं की तो असाच म्हणायचा, नाही, आणि मेंढरू धरून ठेवायचा. "वहिनी खोटं बोलतेय. माझी आई मेली. ही दादाची बायको." त्यानं हे अध्यक्षबाईंना सांगितलं. मग डॉक्टरला सांगितलं. मग तिसऱ्याला. कोणाला कळायचं राहून जाऊ नये म्हणून तो टेबलाच्या कडेनं पुढे सरकत प्रत्येकाला तेच सांगत गेला. मला वाटलं, आता थांबवतील. खरंच वाटलं, आणि क्षणभर सुटल्यासारखंही झालं. अध्यक्षबाईंनी पान उलटलं. "याला कोर्टानं अक्षम ठरवलंय ना?" त्यांनी विचारलं. तुर्सुनाय म्हणाली, हो, अठराव्या वर्षीच. "मग त्याचं म्हणणं धरायचं नसतं. पुढे चला." अर्जात एक रकाना होता, पाल्याचं मत. तुर्सुनायनं त्यात गोल अक्षरात लिहिलं, नाही. मग माझ्या शब्दाखाली तारीख घातली आणि कागद फिरवून माझ्यासमोर ठेवला.

त्याला आई होऊन कोणी वाढवलं हे त्या खोलीत दोघांनाच माहीत होतं, आणि त्यातला एकच जण ते सांगत होता. तो आता टेबलाला वळसा घालून माझ्याजवळ आला होता. त्यानं माझ्या पाठीवर थोपटलं, खाली वाकला आणि हळू आवाजात, मी चारचौघांत जास्त लाजू नये म्हणून की काय, म्हणाला, "अगं वहिनी, आई मेली ना."

मी सही केली.